दहा रुपयांचं नेट

आमच्या दुकानाबाहेर पाटी आहे : 'वायफाय मिळेल. १० रु. – १ जीबी. २० रु. – ३ जीबी.' साखळीच्या बाजारात आमचं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान. पाटी लागल्यापासून एक प्रश्न सतत कानावर येतो : नेटचे कसले पैसे घेता? परवा एका निवृत्त मास्तरांनीही तेच विचारलं. "वहिनी, पाणपोईवर कुणी पैसे घेतं का?" ते माझ्या मुलाचे शिक्षक, अतिशय सरळ माणूस. मागे झेरॉक्सला चारजण उभे असताना त्यांना घाईघाईत काहीतरी सांगून वाटेला लावणं मला पटलं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

नेट विकण्यात मला काही गैर वाटत नाही. पैशांशिवाय आणखी काही गिऱ्हाइकाकडून गुपचूप काढून घेतलं जातं, ते गैर. आणि ज्या ठिकाणी माणसाला दुसरीकडे जाताच येत नाही तिथे त्याची अडवणूक करून दर लावतात, तेही गैर. गेली काही वर्षं हा धंदा आतून बघते आहे, त्यावरून हे माझं मत झालं आहे.

मोबाइलचा डेटा इतका स्वस्त असताना वायफाय घेतं कोण, हेही लोक विचारतात. केरी, मोर्ले आणि घाटाखालच्या इतर गावांतली मुलं बसने साखळीच्या कॉलेजात येतात. २०२० च्या टाळेबंदीत सत्तरी, सांगे, काणकोणची मुलं रेंजसाठी डोंगरावर चढून ऑनलाइन वर्गाला बसत होती, ते अख्ख्या गोव्याने पाहिलं. आज परिस्थिती सुधारली, पण घरी नेट रडतरखडत चालतं. म्हणून जे काय उतरवून घ्यायचं ते मुलं इथे बस येईपर्यंत उतरवून घेतात. शिवाय रोजचा दीड जीबी दुपारीच संपलेला असतो. नोकरीचा अर्ज भरायचा असतो, त्याला फोटो आणि सही अमुक केबीत चढवायची असते आणि मुदत आज रात्री बारापर्यंत असते. काही आज्यांच्या फोनमध्ये फक्त फोन येण्यापुरता रिचार्ज असतो, त्यांना मस्कतच्या मुलाचा चेहरा बघायचा असतो. अशा माणसाला महिनाभराचं रिचार्ज मार म्हणण्यापेक्षा दहा रुपयांचं नेट परवडतं.

याच जागेत माझ्या सासऱ्यांचा एसटीडी-पीसीओ बूथ होता. रात्री दर उतरले की बाहेर रांग लागायची. बोलणं संपलं की मीटरमधून छापील चिठ्ठी यायची : कुठला नंबर, किती वेळ, किती पैसे. त्या चिठ्ठीवरून कधी भांडण झालं नाही, असं सासरे अभिमानाने सांगत. गावोगावी फोन पोचवणारी छोटी टेलिफोन एक्स्चेंज ज्या सी-डॉटने बनवली, ती सरकारी दूरसंचार संशोधन संस्था १९८४ ची. त्याच सी-डॉटकडे आज पीएम-वाणी या सार्वजनिक वायफायच्या सरकारी योजनेची केंद्रीय नोंदवही आहे, आणि मी त्या पीएम-वाणीतली पीडीओ आहे. पब्लिक डेटा ऑफिस. म्हणजे बूथच, फक्त आवाजाऐवजी डेटाचा.

ही योजना ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०१७ मध्ये सुचवली आणि केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केली. माझ्यासारख्या दुकानदाराला परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही, फी नाही. माझ्या वर एक पीडीओए असतो. बऱ्याच पीडीओंना एकत्र सांभाळणारी ही कंपनी दूरसंचार खात्याकडे नोंदलेली असते, आणि कोण आत आलं, किती वापरलं, किती पैसे झाले हा सगळा हिशेब तीच ठेवते. तिसरा असतो अॅपवाला. गिऱ्हाईक एकदा त्या अॅपमध्ये आपली ओळख पटवतं, मग जवळपासची वाणी केंद्रं त्याला दिसतात. मी फक्त लाइन घेते, राउटर लावते आणि इन्व्हर्टर चालू ठेवते. पावसात साखळीची वीज जाते, वाळवंटीला पाणी चढलं की बाजारात सगळ्यांचंच लक्ष नदीकडे असतं. त्या दिवसांत इन्व्हर्टर हा या धंद्यातला निम्मा भाग आहे.

कागदावर हे सुंदर आहे. २०१८ च्या दूरसंचार धोरणात २०२२ पर्यंत देशात एक कोटी सार्वजनिक वायफाय केंद्रं करायची होती. २०२४ संपताना पीएम-वाणीची केंद्रं अडीच लाखांच्या आसपास होती. मुख्य अडचण लाइनच्या किमतीची. दुकानदार पीडीओ आहे म्हटल्यावर त्याला घरगुती फायबरऐवजी महागडी लीज्ड लाइन, म्हणजे एकाच गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलेली लाइन, घ्यायला सांगितलं जायचं. दहा-दहा रुपयांच्या कुपनांतून ती कधीच सुटत नाही. अखेर जून २०२५ मध्ये ट्रायने आदेश काढला : २०० एमबीपीएस वेगापर्यंतचं घरगुती ब्रॉडबँड पीडीओला द्यायचं आणि त्याचा दर घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त लावायचा नाही. हा आदेश मी छापून काउंटरखाली ठेवला आहे, कारण लाइन देणाऱ्यांकडच्या मुलांनासुद्धा तो दाखवावा लागतो.

आता हे चालतं कसं. तुमचा फोन नव्या वायफायला जोडला गेला की तुम्हाला न विचारता एक छोटी चाचणी घेतो. ठरलेल्या एका पत्त्यावर जाऊन ठरलेलं उत्तर येतं का बघतो. अँड्रॉइडला तिथून रिकामं पान, २०४ या क्रमांकाचं उत्तर अपेक्षित असतं. राउटर ही चाचणी मधेच अडवतो आणि स्वतःचं पान पुढे करतो. फोनला कळतं की इथे दार आहे, आणि वर 'साइन इन करा' अशी सूचना येते. तुम्ही पैसे भरता किंवा कुपनचा आकडा घालता, तो पीडीओएच्या सर्व्हरकडे जातो, तिकडून होकार आला की राउटर तुमच्या फोनचा मॅक पत्ता, म्हणजे वायफायवरचा त्याचा ओळखक्रमांक, आपल्या यादीत घालतो आणि वाट मोकळी करतो. तिथून पुढे एमबी मोजले जातात.

या मॅक पत्त्यापायी माझ्याकडे रोज कुणीतरी तक्रार घेऊन येतं. पूर्वी तो फोनला कायमचा चिकटलेला असे. दुकानं, मॉल, विमानतळ, सगळीकडे त्यावरून माणसाचा माग काढता येऊ लागला. मग अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला वेगळा, बनावट पत्ता देऊ लागले. काही फोनांत नेटवर्क 'विसरून' पुन्हा जोडलं की हा पत्ता बदलतो आणि राउटरला वाटतं, हा नवाच माणूस. काल पैसे भरलेला मुलगा आज रागावून उभा राहतो : "काकी, परत पैसे मागता!" त्याला त्याच नंबरने परत आत घ्यायला दोन मिनिटं लागतात. या धंद्यातले काहीजण मुलांना ही सोय बंद करायला सांगतात, म्हणजे त्यांचा त्रास वाचतो. मी सांगत नाही. ती सोय त्या मुलाच्या रक्षणासाठी आहे आणि माझी दोन मिनिटं गेली तर चालतील.

लोकांना सगळ्यांत मोठी शंका असते की दुकानवाल्याला आमचं काय काय दिसतं? एकदा एक गृहस्थ आले. मुलगा अकरावीत, रोज संध्याकाळी आमच्या बाकावर बसायचा. आजूबाजूला कुणी नाही बघून म्हणाले, "आमचो भुरगो हांगा बसून कितें पळयता, तें म्हाका दाखय." (आमचा मुलगा इथे बसून काय बघतो, ते मला दाखव.) बापाची काळजी खरी होती. आवाजात राग नव्हता, भीती होती. मी त्यांना आत बसवलं, चहा दिला आणि जे खरं ते सांगितलं. आजकाल बहुतेक सगळ्या साइट्स एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद वाटेने, चालतात. मधल्या माणसाला पान दिसत नाही, मेसेज दिसत नाही, पासवर्ड दिसत नाही. पण कुठल्या साइटला फोन गेला, म्हणजे फक्त तिचं नाव, ते राउटरच्या मालकाने ठरवलं तर बऱ्याचदा दिसू शकतं. मी ते बघत नाही. मुलाचा बाप म्हणून तुम्हाला जे विचारायचं ते त्यालाच विचारा, मी माझ्या गिऱ्हाइकाचं सांगणार नाही. ते थोडे नाराज होऊन गेले. मुलगा अजून येतो, वडीलही झेरॉक्सला येतात.

नोंद मात्र ठेवावी लागते, आणि ती का, हे मला मान्य आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी धमकीचा ई-मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता. त्या घरातल्या माणसाच्या मागे चौकशी लागली. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार खात्याने सांगितलं की सार्वजनिक वायफाय ओळख न पटवता देऊ नये : मोबाइलवर पासवर्ड पाठवा किंवा ओळखपत्राची प्रत घ्या, आणि नोंद वर्षभर ठेवा. ओटीपी आला तो इथून. म्हणजे कोण, केव्हा, किती वेळ, एवढं कायद्यासाठी ठेवायचं. गिऱ्हाइकाची आवडनिवड, वय, जन्मतारीख, घरात किती माणसं, हे कुठल्याही कायद्याने वायफाय देण्यासाठी मागितलेलं नाही.

आणि तेच मागणारे दारात येतात. गेल्या पावसाळ्यात एक तरुण आला, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. "मॅडम, राउटर आमचा, मेंटेनन्स आमचा, तुमच्या गिऱ्हाइकांना वायफाय एकदम फ्री. तुम्हाला एक पैसा खर्च नाही." मी म्हटलं, पान दाखवा. त्याने टॅबवर दाखवलं : नाव, मोबाइल, ई-मेल, जन्मतारीख, मुलगा की मुलगी. खाली आधीच बरोबरची खूण केलेली एक चौकट, 'मी अटी मान्य करतो'. दर महिन्याला मला यादी मिळणार होती, ऑफर पाठवायला. यादी आणखी कुणाला जाते, विचारलं. "आमच्या पार्टनर्सना." कोण पार्टनर, ते त्यालाही माहीत नव्हतं. मी विचार केला, आमच्या बाकावर संध्याकाळी कोण बसतं? सतरा-अठरा वर्षांच्या मुली. त्यांची नावं, नंबर, वय आणि त्या रोज किती वाजता बसस्टँडजवळ असतात, हे सगळं एका ओळीत, मला माहीत नसलेल्या माणसाच्या हातात. मी त्याला नको म्हटलं. तो वाईट मुलगा नव्हता, त्याला विकायला जे दिलं होतं ते तो विकत होता. पण त्या फुकटच्या नेटची किंमत माझ्या दहा रुपयांपेक्षा किती जास्त आहे, हे त्याच्या पानावर कुठेही लिहिलेलं नव्हतं.

लोक अटी वाचतात, हा दावा मला कुणी करू नये. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या पर्पल नावाच्या वायफाय कंपनीने मुद्दाम आपल्या अटींत घातलं की वापरणाऱ्याला हजार तास समाजसेवा करावी लागेल, त्यात संडास साफ करणंही आलं. दोन आठवड्यांत २२ हजारांवर लोकांनी होकार दिला. एकाच माणसाच्या ते लक्षात आलं. त्याच वर्षी डिसेंबरात ब्वेनोस आयरेसमधल्या एका स्टारबक्सच्या वायफायला जोडताना पहिली दहा सेकंदं गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपकडून आभासी चलन तयार करून घेतलं जात होतं. एका गिऱ्हाइकाने ते पकडलं. कॉफीवाल्यांनी सांगितलं की हे वायफाय पुरवणाऱ्याने केलं, आणि ते बंद करून घेतलं. म्हणजे दुकानदाराने पुरवठादाराच्या पानात काय आहे ते बघितलं नाही, तर त्याच्या छपराखाली कोण काय करतं हे त्यालाच कळत नाही. म्हणून मी दर महिन्याला स्वतःच्या फोनवर नवीन गिऱ्हाईक होऊन पहिल्यापासून सगळं पान बघते.

दराबद्दल. अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका मोठ्या हॉटेलात, मॅरियटच्या ताब्यातल्या, प्रदर्शनाला आलेल्या लोकांचे स्वतःचे मोबाइल हॉटस्पॉट यंत्रणा लावून तोडले जात होते. पर्याय म्हणून हॉटेलचं वायफाय, एका उपकरणाला २५० ते १००० डॉलर. ऑक्टोबर २०१४ मध्ये तिथल्या नियामकाने सहा लाख डॉलरचा दंड ठरवला. माझ्या मते सशुल्क वायफायमधलं सगळ्यांत वाईट काय, ते या एका प्रकरणात दिसतं. दर चढा असणं एकवेळ चालेल, माणूस उठून जाईल. त्याचं स्वतःचं नेट तोडून त्याला तुमच्याकडे यायला लावणं म्हणजे लूट. याउलट आपल्या रेल्वे स्थानकांवरची रेलटेलची पद्धत मला आवडते. रोज पहिला अर्धा तास १ एमबीपीएसने फुकट, आणि मार्च २०२१ मध्ये जाहीर झालेल्या दरांनुसार पुढे दहा रुपयांत दिवसाला ५ जीबी, ३४ एमबीपीएसने. गरजेपुरतं सगळ्यांना, जास्त हवं त्याने पैसे भरावेत. वेग आधीच सांगितलेला.

वेगाचं खोटं बोलणं ही आणखी एक जुनी खोड. माझी लाइन १०० एमबीपीएसची आहे, पण संध्याकाळी पाच वाजता बाकावर, पायरीवर, समोरच्या झाडाखाली मिळून वीसेक मुलं असतात. म्हणून मी माणशी ५ एमबीपीएसची मर्यादा घातली आहे आणि पाटीवर ५ च लिहिलं आहे. १०० लिहिलं असतं तर ते कागदोपत्री खरं आणि गिऱ्हाइकासाठी खोटं झालं असतं. त्यातही आमची इमारत जुनी, चिऱ्याची. दीड हात जाडीच्या चिऱ्याच्या भिंतीतून राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा वेगवान सिग्नल जवळजवळ जातच नाही, २.४ चा संथ सिग्नल कसाबसा जातो. आणि मागच्या गल्लीत लांब उभ्या असलेल्या एकाच फोनला तुटक सिग्नल मिळत असला की तो फार हळू बोलतो, हवेतला वेळ खातो आणि त्यामुळे सगळ्यांचंच नेट मंदावतं. बरेच दिवस कुणालाच कळेना की गर्दी नसताना असं का होतं. शेवटी राउटरमध्ये फार क्षीण सिग्नलवाल्यांना जोडूच नये अशी मर्यादा घातली, आणि मागच्या गल्लीसाठी पडवीत दुसरा राउटर लावला.

आणि उरलेला डेटा. दुकानातून वही विकली तर राहिलेली पानं मी रात्री बारा वाजता फाडून घेत नाही. डेटाला मात्र सगळीकडे मुदत. माझ्या पीडीओएच्या तयार पाकिटांत दहा रुपयांचा जीबी त्याच दिवशी मरायचा. मी पत्रं लिहिली, फोन केले, आता माझ्याकडचं छोटं पाकीट सात दिवस चालतं. बसने येणाऱ्या मुलाला अर्धा जीबी उद्यासाठी ठेवता येतो.

ओटीपीने सुरक्षितता आली, पण काहींची दारंही बंद झाली. मांद्र्याला माझ्या भाचीचं चार खोल्यांचं घर पाहुण्यांसाठी आहे. मोपा विमानतळावर उतरलेला परदेशी पाहुणा तिच्याकडे पोचतो तेव्हा त्याच्याकडे भारतीय नंबर नसतो, ओटीपी येत नाही आणि सिम घ्यायला नेट लागतं. तिने यावर सोपा मार्ग काढला. परदेशी पाहुण्याची नोंद सरकारकडे करावीच लागते, पासपोर्टची प्रत तिच्याकडे असतेच. त्याच प्रतीवर ती त्याला कुपन देते, कागदावर सही घेते. वेगळी काही माहिती मागत नाही. फोन नसलेल्या, किंवा मुलाचा फोन वापरणाऱ्या आमच्याकडच्या म्हाताऱ्यांसाठीही पुरवठादारांनी असंच काही करायला हवं.

मास्तरांच्या म्हणण्यातलं खरं मी नाकारत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला, तोही एका वसतिगृहातल्या मुलीच्या खटल्यात. त्याच राज्यात के-फाय योजनेत सार्वजनिक ठिकाणी रोज १ जीबी फुकट आणि पुढे पैसे. हे सरकारने करावं, नगरपालिकेने करावं, बिल सगळ्यांच्या करातून जावं. त्या फुकटाला माझा पूर्ण पाठिंबा आहे, माझी दहा रुपयांची गिऱ्हाइकं गेली तरी. माझा विरोध जाहिरातवाल्याच्या फुकटाला आहे.

म्हणून बसस्टँडवर आणि वाचनालयात असं फुकट वायफाय लावावं, असा अर्ज मी नगरपालिकेला लिहिते आहे. त्यात चारच मागण्या आहेत : नंबर सोडून दुसरी माहिती मागू नये, नोंद वर्षानंतर पुसावी, वेग आणि मर्यादा दारावर मराठीत लिहाव्यात, आणि अठराच्या खालची मुलंही वापरणार म्हणून पानावर एकही जाहिरात नको. शेवटची मागणी २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याला धरूनच आहे. त्यात मुलांचा माग काढून जाहिराती दाखवायला मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य बंधनं लागू व्हायला त्यापुढे दीड वर्ष दिलं आहे. ठेका त्याआधी निघाला तर अटी आत्ताच घालून घ्याव्या लागतील.

पेडणे, सांगे, काणकोण, कुठेही कुणी पीडीओ चालवत असेल तर मला कळवा : लाइन कुणी दिली, ट्रायच्या आदेशाप्रमाणे दुपटीच्या आत दर मिळाला का, की अजून लीज्ड लाइनच दाखवतात. अर्जाला तेही जोडायचं आहे.